हिंगोलीचा हरिसिंग आणि पाच पुस्तकं

परवा हापिसात डबा खाताना टीममधल्या एका पोराने विचारलं, "सर, कादंबऱ्या नकोत. विचार करायला शिकवतील अशी पाच पुस्तकं सांगा ना." पोरगा हुशार आहे. कानेमनचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' त्याने वाचलंय, तसली आणखी दोन-तीन वाचलीत, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये समोरच्याचा कुठला 'बायस' झालाय ते तो आता अचूक सांगतो. स्वतःचा अजून एकदाही सांगितलेला नाही.

मी त्याला हसत नाहीये हं. कानेमनचं पुस्तक (२०११) उत्तमच आहे. पण त्यातल्या 'प्रायमिंग'च्या प्रकरणासाठी आपण फार लहान नमुन्यांच्या प्रयोगांवर जास्तच विश्वास टाकला, हे खुद्द कानेमननेच २०१७ साली कबूल केलं. विचारातल्या चुकांवर आयुष्यभर संशोधन करून नोबेल मिळवलेल्या माणसाची ही गत, तिथे आपण सोमवार ते शुक्रवार बग फिक्स करणारे! तेव्हा 'विचार कसा करावा' या विषयावरची पुस्तकं वाचून विचार सुधारतो, यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. पोहण्यावरचं पुस्तक वाचून पोहता येत नाही, त्यातलाच प्रकार.

माझा उपाय वेगळा आहे. आपल्या गावाजवळची एखादी छोटीशी घटना घ्यायची आणि तिच्याभोवतीची चार-पाच पुस्तकं एकामागून एक वाचायची. प्रत्येक पुस्तकानंतर आपलं मत बदललं की नाही ते प्रामाणिकपणे बघायचं. माझी घटना हिंगोलीची. विकांताला सवड काढून तीच सांगतो.

हिंगोली म्हणजे माझं गाव. आज तो जिल्हा आहे, पण १ मे १९९९ पासून. मी शाळेत होतो तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातले. गावातल्या भागांची नावं मोठी मजेशीर आहेत : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. लहानपणी वाटायचं, प्रत्येक गावात असाच एखादा तोफखाना असतो. पुढे कळलं की वऱ्हाडच्या सीमेवरचं आमचं गाव हे निजामाच्या राज्यातलं लष्करी ठाणं होतं. 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज इथे असायची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी सोयीची व्यवस्था! १९०३ साली हे ठाणं उठलं. नावं तेवढी राहिली.

या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी होता. १८०८ चा जन्म, १८२४ साली जेमतेम सोळाव्या वर्षी मुंबईत उतरलेला, पुढे निजामाच्या नोकरीत लागलेला. (१८५७ च्या आधीची काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघणारा तो हाच टेलरसाहेब.) त्याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली. अमीर अली नावाचा ठग आपण केलेल्या ७१९ खुनांची हकिकत सांगतो, अशी तिची रचना. इंग्लंडमध्ये ती तुफान गाजली. पण मला कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात हिंगोली आहे.

टेलर सांगतो की हिंगोलीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. इतर अनेकांप्रमाणे खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झालेला. या हरिसिंगाने एकदा जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला : मुंबईहून कापड आणायचंय. कापड खरोखरच येत होतं, फक्त ते हरिसिंगाचं नव्हतं. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन येत होता आणि ही खबर हरिसिंगाला होती. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना वाटेत मारलं. माल सरकारी परवान्यावर राजरोस हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड्यावर विकला.

(आमच्या धंद्यातल्या लोकांनी इथे एक मिनिट थांबावं. परवाना खरा, सही खरी, माल खरा. माल आणणाऱ्याचं नावही परवान्यावरच्या नावाशी जुळणारं. सिस्टीमने जे जे तपासलं ते सगळं बरोबर होतं. पण माल कोणाचा, हे तपासणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.)

पुढचा भाग याहून वाईट आहे. याच टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत अनेक माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यालगत नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ होता, चरापेक्षा रुंद नाही. त्यात ते खड्डे होते. पकडलेल्या ठगांनी शांतपणे एकेक जागा दाखवली आणि ते उकरताना टेलर स्वतः हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेतं. शेवटी शिसारी येऊन सगळ्यांनी खोदकाम सोडून दिलं.

आमच्या हिंगोलीची नदी म्हणजे कयाधू. तिला मिळणारे असले ओढे-ओहोळ मी लहानपणी कमी तुडवलेले नाहीत. हे वाचलं तेव्हा मी पुण्यात चौथ्या मजल्यावर बसलो होतो, तरी पाय वर घेऊन बसलो.

पहिलं पुस्तक वाचून माझं मत काय झालं? जे कोणाचंही होईल तेच. ठग म्हणजे भयंकर, कपटी, भवानीच्या नावाने गळे आवळणारा पंथ, आणि इंग्रजांनी तो मोडला हे उपकारच.

दुसरं पुस्तक स्लीमनचं, 'रामासीआना', कलकत्ता, १८३६. विल्यम स्लीमन हा जबलपूरकडे ठगांविरुद्धची मोहीम चालवणारा अधिकारी. 'रमासी' म्हणजे ठगांची गुप्त बोली. पुस्तकात तिचा कोश आहे, पकडलेल्या ठगांशी झालेल्या प्रश्नोत्तरांची पानंच्या पानं आहेत, ठग कुटुंबांच्या वंशावळीसुद्धा आहेत. वाचायला कंटाळवाणं आहे, पण प्रश्नोत्तरं सोडू नका. प्रश्न स्लीमनचे आणि उत्तरं माफीच्या साक्षीदारांची. हळूहळू लक्षात येतं की सगळी इमारत या माफीच्या साक्षीदारांवर उभी आहे. इतरांना पकडून दिलं, खड्डे दाखवले तर फास टळतो. तुरुंग चुकत नाही, पण मान वाचते. आता मान वाचत असेल तर माणूस काय काय सांगेल? साहेबाला देवीबद्दल ऐकायला आवडतंय असं दिसलं तर देवीबद्दल जरा जास्त सांगणार नाही का?

मग टेलरची प्रस्तावना पुन्हा उघडली. तिथे एक वाक्य पहिल्या वाचनात मी सरळ ओलांडून गेलो होतो. हरिसिंगाने पकडला गेल्यावर स्वतःच कबुली दिली नसती, तर कापडाचं प्रकरण कधीच उघडकीला आलं नसतं, असं टेलर सांगतो. एक झकास विनोद सांगावा तसं त्याने ते सांगितलं म्हणे. म्हणजे या गोष्टीला आधार कोणाचा? आरोपीचा. ज्या प्रोसेसवर संशय आहे तिनेच लिहिलेला लॉग!

झालं, माझी गाडी रुळ बदलून सुसाट सुटली. त्यात नवं संशोधन वाचनात आलं. हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्येच ठगांबद्दलच्या इंग्रजी समजुतींवर प्रश्न उभे केले होते. मराठ्यांच्या इतिहासावर पुढे पुस्तक लिहिणाऱ्या स्टुअर्ट गॉर्डनचा १९६९ चा लेख अठराव्या शतकातल्या माळव्यातले ठग, लुटारू आणि छोटी छोटी राज्यं यांच्या लागेबांध्यांविषयी आहे. आणि आकड्यांचं काय सांगावं! स्लीमनच्या नातवाने १९३३ साली आजोबांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'दहा लाख खून' आहेत. माइक डॅशने २००५ च्या पुस्तकात पन्नास हजारांच्या आसपासचा अंदाज बांधला. एवढा फरक बघितल्यावर मी मित्रांच्या प्रत्येक बैठकीत ठणकावून सांगू लागलो की ठगबिग काही नव्हतं, सगळी इंग्रजांची बनवाबनवी. भवानीला नवस बोलणं हा पुरावा धरायचा तर अख्खा मराठवाडा आत जाईल, हा माझा ठेवणीतला विनोद. दोन वर्षं तो चालला.

एकदा एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "मग त्या ओहोळातली हाडं कोणाची?"

उत्तर नव्हतं. कबुली संशयास्पद असते हे खरं. पण माणसाने बोट दाखवलं आणि त्या जागेखाली प्रेतं निघाली, तर ती निव्वळ कबुली राहत नाही. टेलरच्या त्या एका पानावर दोन वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत : एक हरिसिंगाच्या तोंडची, एक जमिनीतून निघालेली. पहिल्या वाचनात मी दोन्ही गिळल्या आणि दुसऱ्या वाचनात दोन्ही थुंकून टाकल्या. हुशारी दोन्हीकडे सारखीच.

इथे तिसरं पुस्तक कामाला आलं : किम वॅग्नरचं 'ठगी', २००७. हा इतिहासकार दोन्ही टोकांना जात नाही. ठग होते, खून होत होते. पण तो काही भारतभर पसरलेला, काली-भवानीला बळी देणारा गुप्त धर्मपंथ नव्हता. चंबळ-यमुनेच्या बेहडांत सिंदौस नावाचा भाग आहे. तिथले जमीनदार ठगांना आसरा देत, त्यांच्याकडून वसुली घेत. ठग गावात राहत, शेतीवाडी करत, हंगामात 'मोहिमेवर' निघत. देवीची पूजा करत, पण तशी तर त्या काळचे सैनिकही करत होते. म्हणजे हा धंदा होता, आणि धंद्याला भांडवल, आसरा, बाजारपेठ सगळं लागतं. मग हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग का, तेही समजायला लागतं. फौज आली की पगार येतो, पगार आला की कापडाला गिऱ्हाईक येतं, मुंबईच्या रस्त्यावर व्यापारी चालू लागतात. १८१८ नंतर जागोजागी फौजा मोडल्या होत्या आणि हत्याराशिवाय दुसरं काही न येणारी माणसं रिकामी झाली होती. माल तोच, रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच. हरिसिंग व्यापारी असल्याचं सोंग करत होता असं मला आता वाटत नाही. तो व्यापारीच होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हिंगोलीचा विषय आणि विचार करायला शिकवणारी पुस्तकं म्हटल्यावर नरहर कुरुंदकर टाळून पुढे जाता येत नाही. त्यांचं आडनाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यावरून आलेलं, म्हणजे आजच्या आमच्या जिल्ह्यातलंच. १९३२ ला जन्म, १९८२ ला गेले. उणीपुरी पन्नाशीसुद्धा मिळाली नाही. सगळी हयात नांदेडला, मास्तरकीत. ते ठगांवर बोललेत असं नाही, पण प्रश्न कुठे टाकायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो.

'श्रीमान योगी'ची (१९६८) जाडी बघून घाबरला असाल तर निदान तिची प्रस्तावना वाचा. ते कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. आणि त्यांचं शिवाजी महाराजांवरचं छोटं पुस्तक, 'जीवनरहस्य'. त्यातला युक्तिवाद मला रस्त्यात थांबवणारा वाटला. आपण महाराजांचं मोठेपण कुठे शोधतो? अफझलखान, आग्रा, शाइस्तेखान. कुरुंदकर म्हणतात त्याचा आशय असा, की १६८० च्या पुढे बघा. महाराज गेले. औरंगजेब सगळी ताकद घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ ला संभाजी महाराजांना मारलं, १७०० ला राजाराम महाराज गेले. राजा नाही, खजिना नाही, राजधानी हातात नाही, तरी माणसं लढत राहिली, ती थेट १७०७ ला औरंगजेब इथेच मरेपर्यंत. सत्तावीस वर्षं! त्या माणसांना लढायचं कारण कोणी दिलं होतं? मोठेपण तिथे आहे. सगळ्यांची नजर प्रसंगावर असताना हा माणूस प्रसंगानंतर काय उरलं ते बघतो.

तोच प्रश्न मी ठगांना लावला. 'ठग खरे की खोटे' यावर मी इतकी वर्षं घासाघीस करत होतो. पण ठगांनंतर काय उरलं?

कायदा उरला. १८३६ चा तिसावा कायदा. त्याप्रमाणे कुठला खून, कुठे, कोणाचा हे सिद्ध करायची गरज नव्हती. हा माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मभर सक्तमजुरी. स्लीमनची अडचण खरी होती : खून झालेला प्रवासी परक्या मुलखातला, साक्षीदार मेलेले, गाव गप्प. पण अडचणीत शोधलेला उपाय अडचणीपेक्षा जास्त जगतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ('टेम्पररी फिक्स' असं लिहिलेला दहा वर्षं जुना कोड कोणाकडे नाही?) त्या वंशावळी आठवा. गुन्हा शाबीत करण्याऐवजी माणूस कोणातला आहे ते शाबीत करायचं, ही वाट एकदा पडली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि मग जन्मच पुरेसा ठरला. पुढे अनेक जमाती या यादीत ढकलल्या गेल्या, आणि स्वतंत्र भारतात तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला.

कागदावर रद्द. पाचवं पुस्तक याच्यासाठी आहे : लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८७. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. लातूरकडची, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट. चोर म्हणून शिक्का बसलेल्या घरात पोर जन्मतं, पोलीस केव्हाही घरात शिरतात, काम मागायला गेलं तर जात आडवी येते आणि मग चोरीच उरते. इथे इंग्रज नाही, भवानी नाही, रमासी नाही. नुसता १८३६ चा तो विचार शिल्लक आहे, दीडशे वर्षांनंतर.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्येच मिटून ठेवलं होतं. त्याचं कारण साहित्यिक नव्हतं.

मी तिसरीत असताना आजीची एकदाणी हरवली. घरात आकांत. कोणीतरी विचारलं, सकाळी मागच्या दाराला कोण आलं होतं? गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्यांपैकी एक बाई सुया आणि बिबे विकायला आली होती. मला विचारलं, "तू होतास ना रे अंगणात? आत आली होती का ती?" मी अंगणात होतो. ती आत आली होती की नाही ते मला माहीत नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठी माणसं माझं म्हणणं ऐकायला थांबली होती. मी म्हटलं, आली होती. काकांनी विचारलं तेव्हा ती देवघराच्या खिडकीपाशी उभी होती. तिसऱ्यांदा सांगताना तिने पदराखाली काहीतरी धरलं होतं. तिच्या नवऱ्याला पोलिसांनी दोन दिवस ठेवून घेतलं.

एकदाणी महिनाभराने सापडली, तुरीच्या डाळीच्या डब्यात. पंढरपूरला जाताना आजीनेच ती जपून ठेवली होती आणि विसरली होती. आजोबा चप्पल घालून तसेच पालाकडे गेले. पाल उठलं होतं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही.

असो.

तर त्या पोराला मी हीच पाच नावं लिहून दिली. टेलर आणि स्लीमन कधीच स्वामित्वहक्काबाहेर गेलेत, फुकट मिळतात. वॅग्नर महाग आहे, एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचावा. कुरुंदकर आणि गायकवाड अप्पा बळवंत चौकात मिळतील. क्रम बदलू नकोस म्हणून सांगितलं. शेवटचं पुस्तक आधी वाचलं तर पहिल्यावर विश्वास बसत नाही, आणि पहिल्यावर एकदा तरी पूर्ण विश्वास बसायला हवा.

गुरुवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. टेलरची प्रस्तावना संपवली होती. मला वाटलं ठगांबद्दल विचारेल.

"सर, मुंबईहून कापड घेऊन येणारा तो व्यापारी... त्याचं नाव काय होतं? मला सापडत नाहीये."

मी पुस्तक पुन्हा काढून बघितलं. हरिसिंगाचं नाव आहे, रेनॉल्ड्सचं आहे. त्याचं टेलरने दिलेलं नाही.